पुलरची पारख

कराडच्या सगुणाताई म्हणजे डिझेल इंजिनाच्या नावाजलेल्या मिस्त्री. एकदा हत्यारांचे बडे व्यापारी वालावलकर धूर ओकणारी जीप घेऊन त्यांच्या गॅरेजात आले आणि दुरुस्तीचं राहिलं बाजूला, इंजिनात अडकलेले भाग ओढून काढायचा चकचकीत पुलरच नाचवू लागले.

“अडकलेला इंजेक्टर याने लोण्यातून केस काढावा तसा निघतो! जन्मभराची गॅरंटी! तुमचा तो काळाकुट्ट पुलर भंगारात टाका.”

“बरं,” म्हणत ताईंनी नवा पुलर उचलला आणि जीपचं बॉनेट उघडलं. “तुमचाच इंजेक्टर अडकलाय. काढते.”

वालावलकर धावतच आडवे आले. “अहो, थांबा! हा पुलर आत मोडला तर इंजिनाची वाट लागेल. तुमच्या जुन्यानंच काढा!”

ताई हसल्या. “मग साहेब, भंगारात कुठला टाकू?”