अकरा फटफट्या आणि एक आकडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजे अजून राज्य करत होते आणि फटफट्या मात्र जुन्या होऊन गेल्या होत्या, असा तो काळ. असा काळ नेमका कधी होता, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी पंडितांकडे जावं. इथे गोष्ट सुरू झाली आहे.

त्या राज्याच्या राजाला एकच ध्यास होता. आपल्या आजोबांची फटफटी परत मिळवायची. लहानपणी तो तिच्या टाकीवर, मोठ्याने हसणाऱ्या आजोबांच्या दोन हातांच्या मधे बसून राज्यभर हिंडला होता. पुढे मोठा दुष्काळ पडला. आजोबांनी हत्ती विकले, दागिने विकले आणि शेवटी फटफटीही विकून रयतेसाठी धान्य आणलं. त्या दिवशी नातू जेवला नाही. आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, तरी लांबून फटफट ऐकू आली की तो दरबार सोडून खिडकीशी जायचा.

दसरा जवळ आला. यंदा सीमोल्लंघनाला आजोबांच्या फटफटीवरूनच जायचं, असं राजाने ठरवलं आणि दवंडी पिटवली. ज्याच्याकडे ती असेल त्याने आणावी, मागेल ते मिळेल. इथवर ठीक होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ओळखायला सोपं जावं म्हणून राजाने तिच्या इंजिनावरचा आकडाही दवंडीत सांगून टाकला. दप्तरात इतकी वर्षं जपलेला तो आकडा तीन दिवसांत गुराख्यांनाही पाठ झाला.

आठव्या दिवशी राजवाड्यासमोर अकरा फटफट्या उभ्या होत्या. त्यांतल्या दहांच्या इंजिनावर तोच आकडा होता.

राजाने कपाळाला हात लावला. दहाही फटफट्या अशा लखलखत होत्या की त्यांच्या मडगार्डमध्ये बघून दाढी करता आली असती. दहाही मालक आईची शपथ घेऊन सांगत होते की आपलीच खरी. प्रधान हळूच म्हणाले की सगळ्यांत चकचकीत असेल ती घ्यावी, दसरा परवावर आलाय, लोकांना कुठे कळतंय. राजाला ते मुळीच पटलं नाही. लोकांसाठी त्याला ती नकोच होती. खोट्या फटफटीवर बसून खऱ्या आजोबांना आठवायचं तरी कसं?

मग त्याने तांबट आळीतल्या म्हातारीला बोलावणं धाडलं. तिचा जन्म भांडी घडवण्यात गेलेला. पातेल्यावर टिचकी मारली की त्याला कुठे डाग देऊन भोक बुजवलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. गावातल्या बायका भांडी घ्यायला जाताना तिला सोबत न्यायच्या, आणि तिला लांबून येताना बघूनच दुकानदार भाव उतरवायचे.

म्हातारी आली. रांगेतून एकेक फटफटी ठोकत निघाली. जिथे पत्रा ठण्ण वाजायला हवा, तिथे भद्द वाजला. आतला पत्रा कुजलेला आणि वरून लांबीचा लगदा थापून रंग दिलेला. मग तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. जुना आकडा बोटाखालून गुळगुळीत जातो, कालपरवा ठोकलेला टोचतो. सात फटफट्या अशा गळाल्या. पण तीन मालक पक्के वस्ताद निघाले. त्यांचा पत्राही ठण्ण वाजला आणि आकडाही टोचला नाही.

तेव्हा म्हातारीने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. "बाबांनो, हिच्यात बदललंत काय काय?"

काहीच नाही, असं दहाही जण म्हणाले. सगळं जसंच्या तसं, अगदी टायरसुद्धा. एकाने तर टाकीतलं पेट्रोलही थोरल्या महाराजांनीच भरलेलं आहे, असं छातीला हात लावून सांगितलं. म्हातारी पदरात तोंड लपवून हसली.

रांगेच्या शेवटी डोंगरातल्या एका वाडीचा लोहार उभा होता. त्याची फटफटी मळक्या हिरव्या रंगाची, मागे एक पोतं बांधलेलं. तिच्या इंजिनावर आकडा होता, पण भलताच. सकाळपासून लोक त्याची टिंगल करत होते. म्हातारीने त्यालाही तोच प्रश्न विचारला, तर हा गडी चक्क खाली मांडी घालून बसला आणि बोटांवर मोजायला लागला.

"टायर दोनदा बदललं. साखळी यंदाच नवी टाकली. सीटचं कातडं माझ्या बायकोनं शिवलंय. म्होरला मडगार्ड म्या ठोकून केलाय, त्यो मूळचा न्हवं. घाटात दगुड लागून इंजिनाचं कवच फुटलं, म्हणून दुसऱ्या फटफटीचं बसवलंय. तवा आकडा बी तिचाच."

त्याची यादी संपेना. दहा मालक गालात हसू लागले. प्रधानांनी विचारलं की मग मूळचं उरलं तरी काय.

लोहार म्हणाला, "टाकी हाय, सांगाडा हाय, चाकं हायत. आन् जे काढलं त्ये ह्यात हाय." आणि त्याने पोतं रिकामं केलं.

झिजलेली साखळी पडली, गंजलेला मडगार्ड पडला, कवचाचे दोन तुकडे पडले. म्हातारीने ते तुकडे जोडले. वर आकडा होता, दवंडीतलाच, पण इतका झिजलेला की नजरेपेक्षा बोटाला जास्त कळावा. तिने ते कवच सांगाड्याशी नेऊन धरलं. वर्षानुवर्षं एकमेकांना घासून पडलेल्या दोन्हीकडच्या खुणा चपखल जुळल्या.

"महाराज, हीच ती," म्हातारी म्हणाली.

राजाला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. लहानपणी बसायचा त्या टाकीवर त्याने हात ठेवला. मग त्याने लोहाराला विचारलं की आकडा तर साऱ्या मुलखाला ठाऊक झाला होता, तूही नव्या कवचावर का नाही ठोकलास. सकाळपासूनची टिंगल तरी वाचली असती.

लोहार संकोचला. "म्हाराज, मी काय हिच्या जलमाला पुरणार न्हाई. उद्या दुसरा कुनी कारागीर हिला खोलंल. त्यो आकडा बघून सामान आनंल आन् त्ये बसायचं न्हाई. त्यानं माझं काय वाईट केलंय, म्हणून त्याला फसवू?"

दसऱ्याला राजा त्या मळक्या फटफटीवर बसला आणि मागे लोहाराला बसवलं. दहा मालकांना त्याने शिक्षा केली नाही. तुमच्या फटफट्या अस्सल आहेत ना, मग मिरवणुकीत मागून या, एवढंच म्हणाला. घाट लागला. पहिल्या वळणावर एकीची लांबी ढासळली, दुसऱ्या वळणावर चार एकदम बंद पडल्या, आणि तिसऱ्या वळणापर्यंत दहाही मालक घामाघूम होऊन फटफट्या ढकलत होते. वाटेतल्या बायका त्यांना हसून पाणी देत होत्या.

चौथ्या वळणावर राजाचीही फटफटी बंद पडली. ढोल थांबले. लोहार खाली उतरला. यात जुनं किती, नवं किती आणि दगा कुठे व्हायचा, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने नेमक्या जागी हात घातला, एक नट आवळला, आणि फटफटी पुन्हा बोलू लागली. दहा मालकांनाही आपापली दुरुस्त करायची होती, पण आत काय दडपलंय ते त्यांनी स्वतःच इतकं झाकलं होतं की हात कुठे घालावा हेच त्यांना कळेना.

सूर्य मावळायच्या आत राजाने सीमा ओलांडली. आजोबांसारखाच मोठ्याने हसत, आणि सगळा मुलूख त्याच्या मागे नाचत.

तात्पर्य: काय बदललं हे जो लपवत नाही, त्याच्याच "हे मूळचं आहे" या शब्दावर विश्वास ठेवावा.