वाळखोरीची अर्धी गढी

वाळखोरीच्या नदीकाठी पांढऱ्या मातीचं एक टेकाड आहे. पूर्वेकडं पुरातत्त्ववाल्यांनी खणलेले चौकोनी खड्डे. पश्चिमेला मात्र काळ्या दगडाची कमरेएवढी भिंत, तिथं कुणी कुदळ लावत नाही. खोदकाम बघायला आलेल्यांना मल्हारबाबा कोळेकर त्या भिंतीपाशी बसवून घेतात आणि सांगतात.

फार मागं सुभानराव पाटील होते म्हणे. नदी सारखी गावात शिरायची, म्हणून त्यांनी या उंचावर गढी बांधायला घेतली. पश्चिमेची भिंत कमरेएवढी आली आणि पुढचा पाया खणताना दोन रांजण लागले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत धन असणार, असं वाटून पाटलांनी स्वतः पहार घातली. खापर फुटलं आणि आत तान्हं मूल! नुसती हाडं, पण पोटात असतं तसं गुडघे मुडपून निजलेलं. गळ्यात मण्यांची माळ.

शेजारीच चूल होती, चोपलेली जमीन होती.

"पाटील, हे घर हाय कुणाचं तरी," पाया खणणारा एक वडार ओरडला. "घरातच पुरलंय लेकरू!"

जरा पुढं खणलं, तर बाईचा सांगाडा. घोट्यापासून दोन्ही पाय तोडलेले. मेल्यावरही तिनं लेकराला सोडून जाऊ नये म्हणून तोडले, असं सांगतात. वडारांनी कुदळी खाली ठेवल्या. पण पाटील म्हणाले, "गोळा करा, नदीत सोडा. काम थांबायचं नाही."

तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली त्यांची सून सरजा खड्ड्याच्या काठावर आली. सासऱ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"मामंजी, हिचं लेकरू हिच्यापाशी हाय. माझं कुठं ठेवलंत?"

सरजाचं पहिलं मूल गेलं, तेव्हा रीतीप्रमाणे तिला न दाखवता पाटलांनीच ते नदीकाठी पुरलं होतं. त्याच साली पुरानं तो काठ खचला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"नदीनं नेलं, पोरी," एवढंच ते बोलले.

सरजा रडली नाही. खड्ड्यात उतरली आणि ओंजळीनं त्या हाडांवर माती सारू लागली. पाटलांनी पागोटं काढून ठेवलं, तेही उतरले. सगळं बुजवल्यावर त्यांनी शेजारी लहानसा खड्डा खणला. सरजानं गावातून दोन कोरी मडकी आणून त्यात ठेवली. तोंडाला तोंड लावून. रिकामी. गढी तिथंच थांबली.

आजही पंचक्रोशीत कुणाचं तान्हं गेलं, की आई दोन मडकी घेऊन इथं येते. आणि खड्डा खणायला सासऱ्यालाच यावं लागतं.