चुंबळीला माप लागत नाही

फार पूर्वी, म्हणजे इतकं पूर्वी की त्या नगराचं नावही आता कोणाला आठवत नाही, तिथे एक शिंपीण राहायची. आणि तिच्या हातून काय शिवून जायचं माहितीये? अख्ख्या नगरातल्या पोरांचं नशीब!

पद्धतच तशी होती ना. शाळेची शेवटची परीक्षा झाली की भर चौकात निकाल लागायचा. जो पास होईल त्याच्या डोक्यावर पगडी, तो चालला राजाच्या कचेरीत. जो नापास होईल त्याच्या डोक्यावर चुंबळ, तो चालला राजाच्या कोठारात पोती वाहायला. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ना, ती चिंध्यांची गोल वळकटी. मुलगा-मुलगी असला भेद त्या नगरात अजिबात नव्हता हं! भेद दुसराच होता. तो येईलच पुढे.

पगड्या शिंपीण बांधायची आणि चुंबळीही तीच वळायची. ऑर्डर मात्र तिचे सासरे घ्यायचे. त्या वर्षी सासऱ्यांना दिसेनासं झालं, म्हणून दुकानात पहिल्यांदाच ती बसली. आणि नेमकी त्याच वर्षी तिची लेक सगुणा परीक्षेला होती. शिंपीण खालच्या आळीतली, पण लेकीचा तिला कोण अभिमान! सगुणा शाळेतून खांदे भिजवून घरी यायची आणि सांगायची, "आई, आज पण गुरुजींनी पाणी आणायला मलाच पाठवलं!" शिंपीण खूश. म्हणायची, "बघा, गुरुजींचा किती विश्वास आहे माझ्या पोरीवर!"

तर एक दिवस गुरुजी दुकानात आले. हातात दोऱ्यांचा झुपका. प्रत्येक दोऱ्याला एक गाठ.

"काय गं शिंपीणबाई, घे. ही वरच्या आळीतल्या पोरांच्या डोक्यांची मापं. एवढ्या पगड्या बांध. बाकीच्यांच्या चुंबळी."

शिंपीण हसली. "गुरुजी, तुम्ही पण ना! परीक्षा अजून व्हायचीय."

"हो, मग? पगडी काय एका दिवसात होते? आधी सांगायला नको?"

"पण पास कोण होणार ते..."

"ते मला विचार!" गुरुजींनी छाती फुगवली. "इतकी वर्षं अशीच ऑर्डर देतोय. तुझ्या सासऱ्यांना विचार. एकदा, एकदा तरी माझा अंदाज चुकलाय का? नजर लागते त्याला, नजर!"

शिंपिणीच्या हातातली कात्री तशीच राहिली. तिने दोरे पुन्हा पुन्हा चाळले.

"गुरुजी, यात माझ्या सगुणीच्या डोक्याचं माप दिसत नाही."

गुरुजी अगदी मायेने म्हणाले, "अगं, चुंबळीला माप लागत नाही. ती कुठल्याही डोक्यावर बसते."

बापरे! त्या माणसाला आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. शिंपीण मात्र जागच्या जागी थिजली. तिचा चेहरा बघून गुरुजी जरा चपापले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बरं बरं, रडू नकोस. शाळेचंच काम करतेस तू. तुझ्या पोरीसाठी एक पगडी जास्तीची बांध. मी बघतो काय ते. फक्त बोलू नकोस कुणाला."

आणि खरं सांगायचं तर शिंपीण भुलली. का नाही भुलणार? आई होती ती. गुरुजी वळले न वळले तोच तिने दोरा घेतला, लेकीला समोर बसवलं, डोक्याचं माप काढलं आणि सगळ्यात आधी तिचीच पगडी बांधली. मोतिया रंगाची, वर छोटा तुरा. लेकीच्या डोक्यावर ठेवली तर काय शोभली म्हणता! शिंपिणीचे डोळे भरून आले.

सगुणा म्हणाली, "पण आई, मी अजून पास कुठे झालेय?"

"होशील गं."

"शेजारच्या कुंभाराच्या गोदीला पण बांधलीस? ती तर माझ्यापेक्षा हुशार आहे. पाणी आणायला आम्ही बरोबरच असतो."

शिंपिणीने खाली बघितलं. समोर चिंध्यांचा ढीग पडलेला. त्यातली एक चिंधी गोदीच्या डोक्यावर जाणार, आणि ती वळणार कोण? आपणच! तिने लेकीच्या डोक्यावरची पगडी उचलली आणि सरसर सरसर पूर्ण उलगडून टाकली.

निकालाचा दिवस उजाडला. चौक नुसता फुललेला. राजाचे कारभारी पगडी घालून खुर्चीत बसलेले. गुरुजींनी ऐटीत गाठोडं सोडलं आणि आ वासून बघतच राहिले! आत ना पगडी, ना चुंबळ. नुसती लांबच लांब कापडं. प्रत्येक कापड अर्धं मोतिया रेशमी, अर्धं चिंध्या जोडलेलं. सगळी एकसारखी!

"हे काय गं? यातलं कोणाचं कुठलं?" गुरुजी ओरडले.

शिंपीण पुढे झाली. "निकाल लागल्याशिवाय मला कसं कळणार, गुरुजी? तुम्ही परीक्षेच्या पाट्या बघून सांगा. पगडी असेल तर पगडी बांधते, चुंबळ असेल तर चुंबळ वळते. दोन्ही यातूनच होतं."

"बरोबर आहे," कारभारी म्हणाले. "आणा पाट्या."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "पाट्या... त्या पुसल्या. बघायची कधी गरजच पडली नाही."

कारभारी उठलेच. "मग इथेच घेऊ परीक्षा. बारा साती किती?"

"चौऱ्याऐंशी!" वरच्या आळीची पोरं एका सुरात ओरडली.

कारभारी खालच्या आळीकडे वळले. "तुम्ही सांगा. बारा आठी?"

कोणी बोलेना. गोदी गप्प. सगुणासुद्धा मान खाली घालून गप्प!

आणि गुरुजी? ते तर टाळी पिटून हसले. "बघा! मी म्हटलं नव्हतं? नजर आहे माझी, नजर!"

शिंपीण लेकीजवळ गेली. "अगं, एवढी रोज शाळेत जातेस तू. पाढे कधी शिकवतात?"

"सकाळी," सगुणा पुटपुटली. "पण सकाळी आम्ही पाण्याला असतो."

"मी गुरुजींची गाय चारायला असतो," मागून एक पोरगा म्हणाला. "मी सारवायला," आणखी एक पोरगी म्हणाली.

कारभाऱ्यांनी वरच्या आळीच्या पोरांना विचारलं, "आणि तुम्ही रे? तुम्ही जाता की नाही पाण्याला?"

त्यातला एक गुबगुबीत पोरगा हसायलाच लागला. "आम्ही कशाला जाऊ? आमच्या डोक्याचं माप घेतलंय की!"

गुरुजींचं हसू तोंडातच विरलं. शिंपीण त्यांच्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, तुमची नजर चुकायची कशी? तुम्ही ओळखत नव्हता, घडवत होता."

पण खरा धक्का तर पुढेच होता. कारभाऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढली. उलटसुलट करून बघत राहिले.

"माझंही माप असंच घेतलं होतं," ते हळूच म्हणाले. "परीक्षेच्या आधी. आत्ता आठवलं. आणि मी आयुष्यभर समजत आलो की मी हुशार होतो, म्हणून ही मिळाली."

ती पगडी त्या दिवशी पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढली नाही. त्यांनी हुकूम दिला: यंदा निकालच नाही. सगळी पोरं परत शाळेत. पाढ्यांच्या वेळी सगळे आत. आणि पाणी? ते आळीपाळीने सगळे आणतील, पहिली पाळी गुरुजींची!

पुढच्या वर्षी परीक्षेनंतर शिंपीण स्वतः शाळेत गेली आणि एकेका पोराच्या डोक्याचं माप घेऊ लागली. गाय चारणाऱ्या त्या पोराच्या डोक्याला दोरा लागला तसा तो दचकला.

"माझं कशाला, मावशी? मी तर खालच्या आळीतला."

"डोकं आहे ना तुला?"

"आहे की!"

"मग गप्प बस. हलू नकोस."

तर तात्पर्य एवढंच: कोण पुढे गेला आणि कोण मागे राहिला ते मोजण्याआधी, पाढे चालू असताना पाण्याला कोणाला पाठवलं होतं, ते विचारा.