भागुजीने ओसरीची माणसं मोजली

एका तालुक्याच्या गावात भागुजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाने दिलेला सभ्य शब्द. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथेच सगळा घात व्हायचा.

त्याच गावात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत शरयूताईंचं एक मंडळ होतं. पाच माणसं, सहा संगणक. संगणक चालू केला की पडद्यावर जे दिसतं ना, खिडक्या, चित्रं, खालची पट्टी, ते सगळं ही मंडळी घरच्या घरी तयार करायची. त्याचं नाव ठेवलं होतं ओसरी. ओसरी फुकट. कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. पावती नाही, नोंद नाही. त्यामुळे सहा वर्षं राबूनही ती किती लोक वापरतात हे मंडळात एकालाही ठाऊक नव्हतं. दर दिवाळीला चित्रांचे रंग मात्र न चुकता बदलायचे.

एक दिवस जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचे अंबाडेसाहेब आले. म्हणाले, "शाळांतून ही तुमची ओसरी आहे. वापरतं कोण? हजारावर माणसं असतील तर राहू दे. नाहीतर मी सगळीकडून काढायला लावतो. पंधरा दिवसांत आकडा द्या."

तालुक्यातल्या सव्वीस शाळांतले संगणक इतके जुने, की ओसरीशिवाय त्यांच्यावर दुसरं काही चालतच नव्हतं. ओसरी गेली की यंत्रं भंगारात आणि पोरं पुन्हा पाटीवर. आकडा तर हवाच होता. मंडळातली हुशार माणसं हुशारीच्या कामात गुंतलेली होती, म्हणून हे काम तिथे वरकामाला असलेल्या भागुजीला मिळालं.

शरयूताई म्हणाल्या, "भागुजी, आपल्या साइटवरून ओसरी किती वेळा उतरवून घेतलीय, तो आकडा तिथे लिहिलेला असतो. तेवढा बघून सांग."

भागुजीने बघितलं. सहाशे चौदा. आकडा खरा की खोटा कसं कळणार? म्हणून त्याने स्वतः एकदा उतरवून घेतली. सहाशे पंधरा झाले. भागुजी खूश झाला. जेवायच्या वेळेपर्यंत तो उतरवतच राहिला.

"ताई, नऊशे दोन! आनि जेवून आलो की हजार करतो."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, एकाच माणसाने तीनशेदा घेतली तरी माणूस एकच ना? एका यंत्राला एक माणूस धर, आणि शाळेत जाऊन मोज."

भागुजी शाळेत गेला. अकरा यंत्रं, आणि एकेका यंत्राला पोरांचा गराडा. संध्याकाळी त्याने वही पुढे ठेवली. वहीत लिहिलं होतं, अकरा.

"आणि पोरं?"

"पोरं लई हुती, ताई. नुसती वापरत हुती. एका यंत्राला एक मानूस, तुमीच म्हनला न्हवं?"

"शाळेतली यंत्रं पाळीपाळीने वापरतात, बाबा! एका यंत्रामागे चाळीस धर."

दुसऱ्या दिवशी भागुजी वामनराव खांडगे यांच्याकडे गेला. निवृत्त पोस्टमास्तर, घरात एकटे, संगणकावर ओसरीतले पत्ते खेळत बसले होते.

"यंत्र एक, म्हंजे तुमी चाळीस," भागुजी म्हणाला.

"मी एकटाच असतो रे."

"आसं कसं?" भागुजीने पलंगाखाली बघितलं. माळ्यावर बघितलं. न्हाणीघराचं दार ढकलून बघितलं. मग वहीत लिहिलं: खांडगे, चाळीस. पैकी एक भेटले, एकोणचाळीस बाहेर गेलेत.

वामनराव स्वतः गिरणीचा जिना चढून तक्रार करायला आले. ताई कडाडल्या, "भागुजी, आता डोक्याने काही ठरवू नकोस. डोळ्यांना दिसेल तेच लिही. यंत्र चालू आणि समोर माणूस, तरच धर."

दुसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी तारांच्या दुरुस्तीसाठी सगळ्या तालुक्याची वीज बंद असते. भागुजी नऊ शाळा फिरला आणि नऊ भोपळे घेऊन आला.

"अरे, वीज आली की चालू होतात ती! बंद असली तरी धर!"

म्हणून शनिवारी तो भंगारवाल्याच्या आवारात गेला आणि पोटातलं सगळं काढून घेतलेले दोनशे तीस पडदे धरून आला. कारण सांगितलं, "वीज आली न्हाई अजून."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, भीतीही होती. चारच दिवस उरले होते. पण दुसऱ्या कुणाला पाठवावं, तर मंडळातली एकजण दिवाळीचे रंग निवडत होती आणि बाकीचे तिघे तिच्याशी वाद घालत होते. अशा मंडळाला भागुजीच मिळायला हवा होता, आणि मिळाला.

ताईंनी त्याला समोर बसवलं. सव्वीस शाळा, दोन वाचनालयं, सगळ्यांची यादी दिली. "शाळेतलीच पोरं वाचनालयातही जातात. तीच पुन्हा मोजलीस तर साहेब सगळा आकडा खोटा ठरवतील. तुझे वडील बाजारात मापाडी होते ना? मोजलेलं पोतं ते काय करायचे?"

"ढिगातनं हालवायचे, ताई. म्हंजे दुबार येत न्हाई."

"शाबास! अगदी तसंच कर. एकही दुबार येता कामा नये."

भागुजीचा चेहरा उजळला. इतके दिवस सांगत होते ते त्याला परकं वाटत होतं. हे मात्र घरचं काम होतं.

सोमवार, मंगळवार तो लूनावरून तालुका पालथा घालत फिरला. प्रत्येक शाळेत पोरांची नावं विचारून लिहिली. नाव, गाव, इयत्ता. कुठे कुणी अडवलं नाही. हातात लांब वही असलेल्या माणसाला आपल्याकडे कुणीच अडवत नाही.

बुधवारी साहेब आले. वही उघडली. एक हजार सातशे त्रेसष्ट नावं, एकही खाडाखोड नाही. साहेबांनी चार पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.

"बाई, असा चोख आकडा माझ्या उभ्या नोकरीत बघितला नाही. राहू द्या तुमची ओसरी." त्यांनी पेनचं टोपण काढलं. ताईंनी सहा वर्षांचा श्वास सोडला.

"फक्त एक सांगा," साहेब म्हणाले. "यात दुबार कुणी नाही कशावरून?"

"दुबार व्हायला मागं ऱ्हायलंय कोन?" भागुजी अभिमानाने पुढे आला. "त्या त्या यंत्रावरची मानसं मोजून झाली की लगेच ओसरी काढून टाकत हुतो. काढायची कशी ते ओसरीतच मोठ्या अक्षरात लिवलंय."

ते खरंच होतं. आमचं कुणावर बंधन नाही, हे मिरवायची मंडळाला भारी हौस होती.

"सगळ्या शाळांतनं?" ताईंनी विचारलं.

"वाचनालयातनं बी. पोरं रडली जरा, चित्रं अर्धी ऱ्हायली म्हनून. मास्तर म्हनले, सरकारी काम हाय, गप बसा."

साहेबांनी शांतपणे सतराशे त्रेसष्टवर रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. आकडा अचूक होता, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

"थांबा साहेब, शून्य कसं?" ताई धडपडत आपल्या संगणकाकडे धावल्या. "एक तरी आहे! मी आहे ना! हे बघा, मी स्वतः..."

पडदा काळा होता.

"तुमास्नी बी धरलंय, ताई," भागुजी म्हणाला. "सकाळी तुमी च्याला गेला हुता तवाच."