हौसानं मागितली शेजारची बाग

वाट चुकला तरच पाऊस फिरकावा, अशा एका माळावर हौसा नावाची चिमुरडी राहायची. घरात ती आणि आई. दारापुढं इवलीशी डाळिंबाची बाग, फुलं कशी लालचुटूक! पण मेला तेल्या नावाचा रोग आला. गुलाबी गुलाबी फळांवर तेलकट काळे ठिपके पडले, फळं तडकू लागली. आईनं सांगूनच टाकलं, यंदाही हाताला काही लागलं नाही तर झाडं तोडायची आणि गाव सोडायचं.

हौसा रडली, पण रडत बसली नाही. रोगट फळं तोडायची, लांब नेऊन पुरायची, असा तिनं सपाटाच लावला. शेजारचा सिदूमामा मात्र भारी आळशी. आपली रोगट फळं खुशाल बांधापलीकडं फेकायचा, तीही हौसाच्याच बाजूला! हौसा तीही मुकाट्यानं उचलायची.

एके सकाळी असंच एक फळ उचललं, तर ते लखकन चमकलं. आतून अंगठ्याएवढी परी निघाली. अंगात डाळिंबी झगा, पाठीला सोनेरी पंख.

"दुसऱ्यानं फेकलेलं तू हळूच उचललंस," परी म्हणाली. "माग, मी एक बाग बरी करीन. पण एकच हं. आणि वारा काही मला अडवता येत नाही."

हौसानं आपल्या झाडांकडं पाहिलं. तिचा जीव तुटत होता. पण वारा यायचा सिदूमामाच्या बागेवरून. आज आपली झाडं बरी झाली, तरी उद्या तोच वारा रोग परत आणणार.

"मग मामाची बाग बरी कर. माझी मी करते."

"नंतर रुसशील."

"रुसेन थोडी. पण कर."

परीनं पंख झटकले. सिदूमामाची बाग हिरवीगार, टवटवीत झाली. मामा धावत आला, हे कसं झालं म्हणून विचारू लागला. हौसानं खरं ते सांगितलं. मामाची मान खाली गेली. टोपली घेऊन तो बांध ओलांडून आला आणि हौसाच्या बागेतली रोगट फळं वेचू लागला. रोज येऊ लागला. परी फांदीवर बसून बघायची.

वारा आता स्वच्छ होता. नवा ठिपका पडला नाही. उरलेली फळं टपोरी झाली, पिकली. आईनं पहिलं फोडलं, लालभडक दाणे हौसाच्या ओंजळीत ओतले. तेवढ्यात फांदीवर उजेड फुलला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

आई बागेकडं बघत म्हणाली, "हौसे, पुढच्या साली आणखी रोपं लावू."