ओढ्याला न गेलेली प्रत

ओढ्यावरच्या रस्त्याची तीन वर्षांची हमी ठेकेदार सदानंद गुंजाळांनी दिली होती. दुसऱ्याच पावसाळ्यात रस्ता वाहून गेला. अभियंता साहेब भर बैठकीत गरजले, "हमी तुमची. अनामत जप्त करतो."

"करा की," गुंजाळ म्हणाले. "पण पाणी जायची मोरी खर्चिक म्हणून तुम्हीच रद्द केलीत. त्या आदेशाची प्रत सगळ्यांना गेली साहेब, ओढ्याला तेवढी पाठवायची राहिली."

बैठक हसली. साहेबांनी जप्तीचा कागद मागे घेतला.

गुंजाळ खुशीत बाहेर आले. दाराशी ओढ्याकाठची सुंदराबाई बसली होती. मोरी नसल्यानं रस्त्याआड तुंबलेल्या पाण्यात तिचं घर गेलं होतं. आतलं सगळं तिनं ऐकलं होतं.

"दादा," तिनं विचारलं, "तुम्हाला आली होती का हो ती प्रत?"

गुंजाळ खाली मान घालून वहाणा शोधत राहिले. प्रत मिळाल्याची त्यांची सही फायलीत होती.