कॉफी गरम ठेवणारं यंत्र

"काचेचं भांडं आणि खाली तापती तबकडी, की थर्माससारखं स्टीलचं भांडं? बुवा, एवढंच सांगा. बाकी सगळं माझं ठरलंय."

धोंडीबुवा चहाचा कप विसळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशाचं भांडं?"

"कॉफीच्या यंत्राचं."

बुवांनी कप ओट्यावर उपडा घातला.

चिखलदऱ्याच्या पठारावर, एका जुन्या कॉफीच्या मळ्याच्या कडेला त्यांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. लोक पोरीच्या लग्नाचं विचारायला येत, भावाशी चाललेल्या खटल्याचं विचारायला येत, पोटातल्या गाठीचं विचारायला येत. कॉफीच्या यंत्राचं विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं. त्यातून बुवा असे, की जन्म कॉफीच्या झाडांखाली काढला आणि चहा पीत राहिले.

पाहुण्याचं नाव दिगंबरराव ठोसर. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, राहणार परतवाडा. उभी नोकरी त्यांनी संत्र्याच्या बागांना ठिबकाचे सल्ले दिले होते. आता ठिबक कॉफीचं होतं. सल्ला मात्र ते पहिल्यांदाच मागत होते, आणि तोही अर्ध्या प्रश्नापुरता.

मठात ते नवे होते. त्यांची बायको, शरयूबाई, दर दोन-चार महिन्यांनी इथे यायच्या. तेव्हा ठोसर खाली गाडीत बसून वर्तमानपत्र वाचत. बुवांवर त्यांचा विश्वास नव्हता. वर्तमानपत्रावर थोडासा होता.

"कसं असते ते यंत्र?" बुवांनी विचारलं.

ठोसरांचा चेहरा जरा उजळला.

"वरच्या टाकीत पाणी. ते तापून पुडीवर थेंब थेंब पडतं आणि खाली कॉफी उतरते. पाणी कढत हवं, पण उकळतं नको. स्वस्तातल्या यंत्रात ते कोमटच पडतं आणि कॉफी पाणचट होते. शिवाय पाणी एका जागी पडून उपयोग नाही. झारीसारखं सगळ्या पुडीवर पसरलं पाहिजे. गाळणी जाळीची, धुऊन वापरायची. कागदाच्या गाळण्या परतवाड्यात कोण ठेवणार? आणि काम झालं की आपोआप बंद झालं पाहिजे. ती अट मुलीची."

"पोरीची काय अट?"

"अनघा पुण्याला असते." ठोसरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडून दोनदा गॅस चालू राहिला. शेजारी पोटे राहतात, त्यांना वास आला म्हणून बरं. आता रोज सकाळी तो माणूस दारात उभा राहून वास घेतो. कुत्र्यासारखा. मी दार लावून घेतो."

"पोरगी काय म्हणते?"

"म्हणते, सकाळचा गॅस बंद. यंत्र घ्या, नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला चला."

"मंग घ्या ना."

"तिने पाठवलंच होतं. एका कपाचं. मी परत केलं."

"काऊन?"

"लहान पडतं."

"घरी किती जन हाये?"

ठोसर मळ्याकडे पाहू लागले. झाडांवरची फळं लाल व्हायला लागली होती.

"मी."

...

"आणि ही."

शरयूबाई उन्हाळ्यात वारल्या होत्या. बुवांना ते ठाऊक होतं. ते ओट्यावर येऊन बसले.

"मला वेड लागलेलं नाही," ठोसर म्हणाले. "दहाव्याला काय झालं ते ऐका, म्हणजे कळेल."

"सांगा."

"सापन नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा समोरच बाभळीवर बसलेला. शिवेना. अनघा म्हणाली, आई, बाबांना मी सांभाळीन. नाही. मेहुणे म्हणाले, ताई, बेळगावच्या घराची वाटणी गोडीने करू. नाही. त्यावर माझाही विश्वास बसला नव्हता, कावळ्याचा कसा बसेल?"

"तुमचा कावळ्यावर हाये?"

"छे. दुसऱ्यांच्या दहाव्याला मीच सांगत आलो, की अहो, त्याचं पोट भरलेलं असतं. सकाळपासून घाटावर जो तो भात वाढतोय. खाऊन खाऊन किती खाईल?"

"मंग?"

"ऊन वाढलं. लोकांना एसटी गाठायची होती. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू." ठोसर थांबले. "बुवा, ही बेळगावची. लग्नात पितळी फिल्टर घेऊन आली होती. रोज सकाळी कॉफी पुढे ठेवताना म्हणायची, उद्याची तुम्ही करा हं. मी म्हणायचो, करतो. केली कधीच नाही. तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. थट्टा होती ती. आमच्यात तेवढी एकच थट्टा होती."

...

"तिथे मी कबूल करायचं म्हणून काही बोललो नाही. सवयीने तोंडातून गेलं. करतो, उद्याची मी करतो."

"आन् कावळा?"

"वाक्य पुरं होऊ दिलं नाही."

बुवा हसले नाहीत.

"लोकांनी हात जोडले," ठोसर म्हणाले. "मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पितळी फिल्टर शोधला. तेव्हापासून रोज करतो. एक कप माझा, एक तिच्या जागेवर. तिला पूजा झाल्यावर लागते. तोवर कपातली निवते. म्हणून आता तिची थर्मासमध्ये भरून ठेवतो. आता यंत्राचं बघा. तबकडीचं घेतलं तर तबकडी थोड्या वेळाने बंद होते, कॉफी गार. थर्मासच्या भांड्याचं घेतलं तर दुपारपर्यंत गरम."

"पोरगी?"

"तिला दुसऱ्या कपाचं कळलं. रडली फोनवर. म्हणाली, बाबा, एका कपाचं यंत्र वापरायचं असेल तर तिथे राहा. नाहीतर मी या रविवारी येते आणि तुम्हाला घेऊन जाते." ठोसरांनी पिशवी मांडीवर घेतली. "माझा शब्द आहे बुवा. तुम्ही म्हणालात सुटला, तर सुटला. एका कपाचं घेतो. नाहीतर मोठं घेतो आणि अनघाला सांगतो, की बुवांनी सांगितलं."

इतकी वर्षं गाडीत बसून राहिलेल्या माणसाला अखेर बुवा लागला होता, तो मुलीपुढे उभा करायला.

बुवा ओट्यावर जरा पुढे सरकले.

"त्या दुसऱ्या कॉफीचं संध्याकाळी काय करता?"

"काय करणार. बेसिनमध्ये ओततो."

"नैवेद्य बेसिनमंधी ओततात का? वाटून खातात तो."

"मी नैवेद्य वगैरे दाखवत नाही. मी देव मानत नाही."

"उन्हाळ्यापासून दुसरं काय करून राह्यले बाप्पा?"

ठोसरांनी पिशवीत हात घातला आणि थर्मास काढून ओट्यावर ठेवला.

"ही तिची. आजची. घाट चढून येईपर्यंत टिकते का ते पाहायला आणली." आवाजात अभियंता पुन्हा आला. "पहाटे भरलीय. आता ऊन डोक्यावर आलं. हात लावून बघा, आतली अजून कढत असणार."

बुवांनी मघाचा विसळलेला कप सुलटा केला आणि पुढे धरला.

"ओता."

"तुम्ही कॉफी घेत नाही."

"ओता."

"बुवा, ती तिची आहे..."

बुवांनी हात मागे घेतला नाही.

ठोसरांनी टोपण सैल केलं. पुन्हा घट्ट केलं. मळ्यात बुलबुल लाल फळांवर भांडत होते. त्यांनी ते भांडण संपेपर्यंत पाहिलं.

मग टोपण काढलं आणि ओतली.

वाफ आली. ठोसरांनी ती वाफ बुवांना बोटाने दाखवली.

बुवांनी एक घोट घेतला. तो तोंडात तसाच धरला. मग गिळला.

"गरम आहे ना?" ठोसरांनी विचारलं.

"गरम हाये."

...

"नासली हाये."

"शक्य नाही. दूध पहाटेचं आहे. मी स्वतः..."

बुवांनी कप त्यांच्या हातात दिला.

उष्टं न खाणारे म्हणून ठोसर नात्यागोत्यात प्रसिद्ध होते. सोवळ्यामुळे नव्हे, जंतूंमुळे. त्यांनी त्याच कपातून घोट घेतला.

चेहरा आधी आंबट झाला. मग नुसताच राहिला.

"हो," ते म्हणाले. "नासलीय."

...

"म्हणजे रोज... रोज मी तिच्यापुढे हीच ठेवत होतो." ते कपात पाहत होते. "आणि ती काही बोलली नाही."

"नाई बोलत ते," बुवा म्हणाले.

कार्यकारी अभियंत्याच्या हुद्द्यावर माणसाला रडायचा सराव राहत नाही. ठोसरांना आधी ठसका लागला. त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घडी घातली. मग तो तसाच डोळ्यांवर दाबून धरला आणि खांदे हलू लागले.

बुवांनी त्यांच्या दुसऱ्या हातातून कप अलगद काढून घेतला. आणि उरलेली कॉफी प्यायला लागले. एकेक घोट, सावकाश, मध्ये थांबून. तळाचा साकाही त्यांनी ठेवला नाही. मग थर्मास उचलला, त्यात राहिली होती ती कपात ओतली आणि तीही घेतली.

ठोसर रुमालाआडून पाहत होते.

"कशाला घेता, बुवा? त्रास होईल."

बुवांनी रिकामा कप खाली ठेवला. तोंडावरून उपरणं फिरवलं.

"साखर बरी होती," ते म्हणाले.

ठोसरांना हसू आलं असावं. निदान खांदे थांबले.

"तिची तक्रार असायची, की मला साखरेचा अंदाज नाही." ते थांबले. "लिंबाच्या सरबतात. कॉफीत कुठे... कॉफी तिने माझ्या हातची कधी चाखलीच नाही."



खाली रस्त्यावर ठोसरांच्या गाडीमागून परतवाड्याची एसटी घाटाकडे वळताना दिसली. ठोसर उठले. थर्मासचं टोपण लावलं. पिशवी खांद्याला अडकवली. पायऱ्यांपर्यंत गेले आणि वळले.

"बुवा, उद्या... उद्या करायची, की नाही?"

"शब्द कोणी देल्ला?"

"मी."

"मंग?"

ठोसरांनी मान हलवली. एक पायरी उतरले. पुन्हा थांबले.

"रविवारी अनघा येईल. तिला काहीतरी सांगावं लागेल. मग कोणतं घेऊ?"

बुवा कप विसळायला उठले होते.

"मोठं घ्या..."

पाण्याची धार थांबली.

"आन् लवकर निवनारं घ्या."